कधी या बाजूला आलात तर

आमच्याकडे कुणी घर बदललं की ओळखीपाळखीच्या सगळ्यांना छापील कार्ड पाठवतं. नवा पत्ता, फोन नंबर आणि तळाला एक ओळ, 'कधी या बाजूला आलात तर जरूर डोकावून जा.' ही ओळ वाचून कुणी कुणाकडे जात नाही. गेलंच तर घरातल्यांची धांदल उडेल. छापखानेवाला न विचारताच ती टाकतो, आणि पाठवणाऱ्यानं किंवा घेणाऱ्यानं ती कधी मनावर घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

किताहारासाननी नऊ वर्षांपूर्वी पाठवलेल्या कार्डावर ही ओळ शाईनं लिहिलेली होती. मी मनात म्हटलं, छापायची राहिली असणार. या माणसानं चाळीसच्या चाळीस कार्डांवर बसून हातानं लिहिली असणार. तेवढे चिकाटीचे ते होतेच.

सुवा सरोवराच्या काठी शाळांच्या दुपारच्या जेवणाचं एक मोठं स्वयंपाकघर आहे. तिथं आम्ही चौदा वर्षं शेजारी शेजारी उभे होतो. मी भाज्या चिरायची, ते हंडे सांभाळायचे. रोज बाराशे मुलांचं जेवण. मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचं, सार तयार होत आलं की ते एका बशीत दोन घोट घ्यायचे आणि बशी माझ्यापुढं धरायचे. मी चाखून मान हलवली की मगच हंडा खाली उतरायचा. इतर बायका हसायच्या. मी विधवा, त्यांची बायको कधीच सोडून गेलेली, मुलगी लग्न होऊन लांब. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. आम्हीच दोघं मूग गिळून उभे राहिलो. मग त्यांची आई पडली, कंबर मोडली, आणि ते इना खोऱ्यातल्या आपल्या गावी निघून गेले.

त्यानंतर वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या कार्डावर, त्यांची हातानं लिहिलेली एक ओळ यायची. 'यंदा फळं बारीक आहेत, पण गोड.' 'माकडं येऊन अर्धं झाड खाऊन गेली.' 'आईला थंडी सोसली.' मी उलट लिहायची, 'एकदा यायला हवं तिकडे.' हेही आमच्याकडे सगळेच लिहितात. नऊ वर्षांच्या नऊ ओळी मी चहाच्या डब्यात ठेवल्या आहेत, आणि त्या मला तोंडपाठ आहेत, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

या नोव्हेंबरात त्यांच्याकडून वेगळंच कार्ड आलं. करड्या किनारीचं. 'मातोश्री कुनि किताहारा जूनमध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निवर्तल्या. सुतकामुळे नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही, क्षमा असावी.' अशा कार्डावर हातानं काही लिहायचं नसतं. आणि असं कार्ड ज्यांच्याकडून येतं, त्यांना आपणही नव्या वर्षाचं कार्ड पाठवायचं नसतं. म्हणजे वर्षाकाठची ती एक ओळही यंदा बंद.

जुन्या स्वयंपाकघरातली माझी मैत्रीण कोइके, तिचा लगेच फोन आला. "तुला आलं का कार्ड? मग आता?"

"मग काय? उदबत्त्या पाठवीन टपालानं."

"टपालानं पाठव, हो! जन्मभर टपालातच संसार कर."

मी फोन ठेवला. दोन दिवस तिच्यावर धुसफुसत राहिले. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, लाल पानं बघायला म्हणून मी एकटीच निघाले. कारण कुणाच्या घरी आधी न कळवता जायचं तर आपण 'या बाजूला' असायला हवं, आणि या बाजूला असायला काहीतरी निमित्त हवं. माझ्या घरून ती बाजू अडीच तासांवर आहे.

दोन डब्यांची गाडी. सरोवर मागं पडलं आणि खोरं उघडत गेलं. उजव्या हाताला एक पर्वतरांग, डाव्या हाताला दुसरी, दोन्हींच्या माथ्यावर ताजं बर्फ. खाली भातकापणी झालेली खाचरं, आडव्या बांबूंवर वाळत घातलेल्या पेंढ्या. सफरचंदांच्या बागांत झाडाखाली चंदेरी कागद अंथरले होते, फळाला खालूनही ऊन लागून ते लाल व्हावं म्हणून. त्या कागदांवरून उजेड उसळून गाडीच्या छतावर नाचत होता. खाली तेन्र्यू नदी. सुंदर होतं सगळं. पण माझं अर्धं लक्ष मांडीवरच्या पिशवीत होतं.

पिशवीत सगळ्यात वर छत्री, त्याखाली डबा, आणि तळाला रुमालात बांधलेल्या उदबत्त्या नि साखरेत घोळलेल्या अक्रोडांचं खोकं. हे दोन्ही घेताना मी दुकानात पाऊण तास घातला होता. रिकाम्या हातानं जावं तर अडाणीपणा. बांधलेलं खोकं न्यावं तर आपण ठरवून आलो हे उघड. शेवटी म्हटलं, न्यायचं आणि लपवून ठेवायचं. साठी उलटलेल्या बाईनं केलेला विचार आहे हा.

मधल्या एका स्टेशनावर पाठीला टोपली बांधलेली एक आजी चढली. सगळा डबा मोकळा, तरी माझ्यासमोरच येऊन बसली.

"एकट्याच?"

"हो. पानं बघायला निघालेय."

"कुठं उतरणार?"

"शिमोहाराला."

आजी मोकळं हसली. "शिमोहाराला कसली आलीयत पानं! पानं मागच्या स्टेशनावर राहिली, बाई. तिथं मोटारींची रांग लागलीय बघा. आमच्या शिमोहाराला पर्सिमनची झाडं आणि म्हातारी माणसं, बास. त्यातलं एक म्हातारं तुमच्यासमोर बसलंय."

"मला गर्दी सोसत नाही."

"मग बरोबर निघालात. आमच्याकडे गर्दी कमी कमीच होतेय. दर वर्षी एक घर बंद. यंदा किताहारांचं." ती टोपलीतून एक फळ काढून पुसू लागली. "आई होती तोवर राहिला बिचारा. आता पोरीकडे चाललाय, क्युशूला. पंधरा डिसेंबरला सामान जाणार. पोर चांगली आहे, छप्पर गळतंय, एकटे नका राहू म्हणून मागंच लागली. त्याच्या त्या झाडाचं मात्र वाईट वाटतं. खोऱ्यात तसं फळ नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. क्युशू म्हणजे देशाचं दुसरं टोक. नऊ वर्षं मी जिथं 'कधीतरी' जाणार होते, तिथं महिन्याभरात कुलूप लागणार होतं. आणि क्युशूच्या बाजूला मी कुठलं निमित्त काढून जाणार होते?

"किताहारा ओळखीचा वाटतं?" आजीनं विचारलं. म्हातारीची नजर पक्की होती.

"पूर्वी एका ठिकाणी कामाला होतो."

"मग जाऊन या की! पानांचं काय घेऊन बसलात, ती पुढच्या वर्षीही गळतील." आणि तिनं ते पुसलेलं फळ माझ्या हातात ठेवलं.

गाडी दहा बावन्नला शिमोहाराला थांबली. फलाटावर एक बाक आणि एक लाकडी शेड. आजी तरातरा चढणीला लागली. मी मात्र बाकावर बसले. मग उठून वाट चुकल्यासारखी उलट दिशेला गेले, एका देवळाच्या पायरीवर डबा उघडून दोन घास खाल्ले, परत आले. पत्ता मला पाठ होता, घर लांबूनच दिसलं होतं. त्याच्यावरून मी एकदा चालत पुढंही गेले. पाऊण तास असा काढला. कोइके बरोबर असती तर तिनं मला ढकलत नेलं असतं.

घराच्या वळचणीखाली सोललेल्या पर्सिमनच्या माळा टांगलेल्या होत्या. नारिंगी पडदाच. इकडची ही जात झाडावरून काढून खाल्ली तर तोंड आकसून जाईल अशी तुरट. सोलून, टांगून, महिनाभर वाऱ्यावर ठेवली की गोड होते. शिडीवर किताहारासान उभे होते, कानाला पेन्सिल, अंगावर ॲप्रन. केस सगळे पांढरे झाले होते. त्यांची पाठ मी कुठंही ओळखली असती.

"आत येऊ का?" मी फाटकातून म्हटलं.

ते वळले. मग एक एक पायरी सांभाळून खाली उतरले.

"मोमोसेसान."

"या बाजूला आले होते. पानं बघायला. म्हटलं, आलेच आहे तर."

"पानं. हो." त्यांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं. त्यावर नुसतीच हिरवी सुरूची झाडं होती. "यंदा चांगली आहेत म्हणतात."

"म्हणतात खरं."

आत गेल्यावर मी त्यांच्या आईच्या फोटोपुढं बसले आणि पिशवीच्या तळातून रुमालाची गाठ काढली. सुव्याच्या दुकानाचा कागद, काळी-पांढरी दोरी, वर माझं नाव सुबक अक्षरांत. लपवायला जागाच नव्हती. किताहारासान माझ्या शेजारी गुडघे टेकून बसले होते.

"पानं बघायला निघताना तुम्ही उदबत्त्या बरोबर ठेवता?"

"सवय आहे," मी म्हटलं.

"चांगली सवय आहे," ते म्हणाले, अगदी गंभीर चेहऱ्यानं. आणि मला हसू आवरेना. मेलेल्या म्हातारीच्या फोटोपुढं मी तोंडावर रुमाल धरून हसले, आणि ते हसू कधी रडं झालं मला कळलं नाही. त्यांनी ते आईसाठी आहे असं समजायचं सौजन्य दाखवलं.

"जेवून जा. काही नाही, सार आहे," ते म्हणाले.

स्वयंपाकघर अंधारं, छोटं. बाराशे मुलांच्या हंड्यामागं उभा राहिलेला माणूस दोघांच्या पातेल्यापुढं जरा अवघडलेलाच दिसत होता. त्यांनी दायकोन मुळा चिरला, मी न विचारता कांद्याची पात हातात घेतली. मिसो विरघळवून त्यांनी बशीत दोन घोट घेतले आणि बशी माझ्यापुढं धरली. माझ्याकडे न बघता, पूर्वीसारखीच. मी चाखलं. थोडं जास्त होतं. तरी मान हलवली.

"नऊ वर्षं अंदाजानंच मिसो घालतोय," ते म्हणाले. "आई रोज म्हणायची, खारट आहे."

जेवता जेवता त्यांनी क्युशूचं सांगितलं, मुलीनं खोली रिकामी करून ठेवलीय, तिकीटही काढलंय. बाहेर ओसरीवर त्यांनी चहा आणला. ओसरीवर माळांना अडकवायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, प्रत्येकीवर सोलल्याची तारीख. चिठ्ठ्या जाड कागदाच्या होत्या. मी एक उलटून पाहिली, मागं पत्त्याचा छापील तुकडा होता. नऊ वर्षांपूर्वीचं तेच कार्ड, कापलेलं.

"वीस उरली होती," ते म्हणाले. "टाकवेनात."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले. "यांच्यावर ती ओळ छापायची राहिली होती ना? तुम्हाला सगळ्यांना हातानं लिहावी लागली असेल."

"राहिली नव्हती. मीच काढायला लावली. आई अंथरुणाला खिळलेली, लोकांना या म्हणून कशाला सांगायचं?"

"मग मला..."

"तुमच्या एकटीच्या कार्डावर लिहिली."

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. "मग तसं लिहायचं की सरळ! खरंच या, म्हणून!"

"'जरूर' लिहिलं होतं."

"जरूर सगळेच लिहितात!"

"मी हातानं लिहिलं होतं," ते हळूच म्हणाले.

वर माळा वाऱ्यावर हलत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही दर वर्षी लिहायचात, एकदा यायला हवं. म्हटलं, येतील. सुव्याहून येणारी सोयीची गाडी दहा बावन्नची. घरामागून ऐकू येते. ती गेली, अर्धा तास वाट बघितली, फाटकापाशी कुणी आलं नाही, की मी शिडीवर चढायचो. या नऊ नोव्हेंबरांत माझं असंच चाललंय."

मी देवळाच्या पायरीवर बसून काढलेला पाऊण तास आठवला आणि मला जमिनीनं गिळावं असं झालं.

"आजही?"

"आजही. मग म्हटलं, चढावं आता."

जाऊ नका, असं मला म्हणायचं होतं. जिभेवर होतं. पण त्यांच्या मुलीनं खोली रिकामी करून ठेवली होती, तिकीट काढलं होतं, वर छपरातून आभाळ दिसत होतं. मी कोण अडवणारी? चौदा वर्षं शेजारी उभी राहून ज्या बाईनं एक शब्द काढला नाही, आणि नऊ वर्षं एका ओळीचा अर्थ लावला नाही, तिनं आज तोंड उघडून एका बापाला लेकीपासून तोडायचं? मी चहा पिऊन टाकला. कडू होता.

दोन एकतीसच्या गाडीला ते मला पोचवायला आले. माझ्या पिशवीत त्यांनी फळांची एक माळ घातली होती, बाल्कनीत टांगायला. "आठ दिवसांनी हातानं हलकेच चोळायची. मग दर आठवड्याला. नाहीतर आतून कडक राहतात," ते सांगत होते. "माझ्याकडे तीनशे आहेत. पुढच्या गुरुवारपासून सुरू करायचं. एकट्याच्या हातांनी जरा जडच जातं."

मी ऐकत होते. फलाटाच्या टोकाला रूळ वळतात तिथं गाडीचं तोंड दिसलं.

"तिकडे गेलो की नवं कार्ड पाठवीन," ते म्हणाले.

"पाठवा. पण माझ्या कार्डावर ती ओळ लिहू नका."

त्यांचा चेहरा उतरला. चौदा वर्षांत मी त्यांना एवढं उघडं पडलेलं पाहिलं नव्हतं.

"तारीख लिहा," मी म्हटलं. माझा आवाज नको तितका मोठा झाला होता. "वार लिहा. गाडी लिहा. कधी म्हणजे केव्हा ते लिहा. 'या बाजूला' आणि 'जरूर' यातलं मला काही कळत नाही, हे नऊ वर्षांत तुम्हाला दिसलंच आहे."

गाडी थांबली, दार उघडलं. मी आत चढले आणि दारातच उभी राहिले. किताहारासाननी कानामागची पेन्सिल काढली. ॲप्रनच्या खिशातून कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या आणि गाडीच्या पत्र्यावर चिठ्ठी टेकवून लिहायला लागले.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "आजोबा, निघायचं ना?"

"दोन मिनिटं."

"इथं एकच मिनिट थांबतो आपण. उशीर झाला तर मला कारण लिहून द्यावं लागतं."

"मीही लिहूनच देतोय," ते मान वर न करता म्हणाले. एक झाली, दुसरी घेतली. ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काय समजला कोण जाणे, समोर रुळांकडे बघत बसला.

चार चिठ्ठ्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. वीस नोव्हेंबर, गुरुवार, दहा बावन्न. सत्तावीस नोव्हेंबर, गुरुवार, दहा बावन्न. चार डिसेंबर. अकरा डिसेंबर. त्यानंतरच्या गुरुवारच्या आधी ते निघून जाणार होते. देऊन झाल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, बशी पुढं धरल्यावर कधी बघत नसत तसे. मी मान हलवली. दार लागलं.

वळणापर्यंत ते फलाटावर दिसत होते. मग मी बसले. चिठ्ठ्या उलटून पाहिल्या, एकीवर पत्ता, एकीवर फोनचे तीन आकडे, दोन कोऱ्या. कोऱ्या म्हणजे कार्डाच्या तळाची, जिथं ती ओळ छापायची असते तिथली पट्टी. मी त्या चारही पदरात घेतल्यासारख्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि वरून हात ठेवला. चारच होत्या. पहिला गुरुवार पाच दिवसांवर होता. सुव्यापर्यंतच्या अडीच तासांत बाहेर कुठं लाल पानं होती की नव्हती, मला सांगता येणार नाही.